डिस्चार्ज बुक हरवले, आईचे नाव वेगळे : सुरुवात कुठून करायची?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. हुडकेश्वरच्या एका ताईंचे वडील १९७१ मध्ये महार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि १९८८ मध्ये नायक म्हणून पेन्शनवर आले. पेन्शन सुरळीत चालू आहे, पण घर बदलताना डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेले सेवेचे पुस्तक, गहाळ झाले. फौजेच्या कागदात आईचे नाव ‘कुसुमबाई’ आहे. आधार, पॅन, बँक, मतदार यादी सगळीकडे ‘सुनंदा’. वडिलांची जन्मतारीख फौजेत एक आणि आधारवर दुसरी. ताई कामठीला जाऊन आल्या, तिथे कळले की हे कागद इथे नाहीत. शिवाय काका १९६६ ला भरती होऊन १९७४ ला घरी आले, १९७१ च्या लढाईत होते. त्यांना पेन्शन नाही आणि हाताशी एकही कागद नाही.

ताई, जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क म्हणून माझी नोकरी झाली आणि पेन्शनवर आल्यापासून नागपूर जिल्ह्यातल्या माजी सैनिकांचे, त्यांच्या घरच्या बायकांचे कागद बघतो. तुम्हाला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट, म्हणजे हरवलेले पुस्तक, ही यातली सर्वांत सोपी आहे. आईच्या नावाचा फरक हे खरे काम. ते वडील हयात असताना, त्यांच्या स्वतःच्या सहीने झाले पाहिजे. म्हणून त्यावर मी जास्त लिहितो.

आधी हे कागद एकमेकांतून कसे निघतात ते बघा. प्रत्येक जवानाचा मूळ कागद म्हणजे शीट रोल. भरतीची तारीख, जन्मतारीख, गाव, वडिलांचे नाव, लग्न, मुले, बढती, शिक्षा, मेडल, वैद्यकीय श्रेणी हे सगळे त्यावर चढत जाते. जवानाचे लग्न झाले, मूल झाले की पलटण पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्या बदलाचा लेखी आदेश, काढते आणि त्या ऑर्डरवरून रेकॉर्ड ऑफिस नोंद घेते. घरी येताना हातात पडते ते डिस्चार्ज बुक म्हणजे याच नोंदींचा उतारा. त्याच नोंदींवरून पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, निघतो. पीपीओतली माहिती ‘स्पर्श’ या फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेवर गेली आहे आणि ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेचे कार्ड, कॅन्टीनचे कार्ड, माजी सैनिकाचे ओळखपत्र हे सगळे पुस्तक आणि पीपीओ बघूनच होते. नाव चुकले की लोक बँकेत जातात, सेतूत जातात, ईसीएचएसच्या खिडकीवर विनंती करतात. वरच्या पाटाचा बांध फुटला असेल तर खालच्या वाफ्यात माती टाकून पाणी अडत नाही. दुरुस्ती रेकॉर्डमध्ये झाली पाहिजे. ती झाली की खालचे कागद त्या आधारावर मागता येतात.

आता कामठीचे. तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे आणि रेकॉर्डही गार्ड्सचेच आहे. महार रेजिमेंटचे केंद्र आणि रेकॉर्ड मध्य प्रदेशात सागरला. आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या मनात महार आणि कामठी हे नाते घट्ट बसलेले आहे, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महारची दुसरी पलटण कामठीतच उभी राहिली होती. पण तुमचे कागद सागरला आहेत. हाच गोंधळ इतरांचाही होतो म्हणून सांगून ठेवतो : मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, तोफखाना नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स खडकी, सिग्नल्स आणि ग्रेनेडियर्स जबलपूर, ईएमई सिकंदराबाद, आर्मी मेडिकल कोअर लखनौ, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री अहिल्यानगर. नागपुरात वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय असले तरी हवाई दलाच्या जवानांचे रेकॉर्ड दिल्लीत सुब्रतो पार्कला आहे. नौसैनिकांचे मुंबईत मानखुर्दला. अधिकाऱ्यांचे कागद रेजिमेंटच्या रेकॉर्डमध्ये नसतातच, ते दिल्लीत सेना मुख्यालयाकडे असतात.

यात दोन खाचा आहेत. मेकॅनाइज्ड इन्फंट्री १९७९ मध्ये जुन्या रेजिमेंटच्या पलटणी घेऊन उभी झाली. अशा पलटणीतला जवान भरती झाला एका रेजिमेंटमध्ये आणि पेन्शन आला दुसरीतून. कागद शेवटच्या ठिकाणी शोधायचे. दुसरे म्हणजे डीएससी, संरक्षण खात्याच्या जागांची राखण करणारे डिफेन्स सिक्युरिटी कोअर. आपल्या भागात आयुध निर्माण्या आणि हवाई दलाच्या जागा असल्याने पुष्कळ जण पहिल्या पेन्शननंतर डीएससीत गेले. त्यांची सेवा दोनदा, डिस्चार्ज बुके दोन, आणि दुसऱ्या सेवेचे रेकॉर्ड केरळात कण्णूरला. कुटुंबाची नोंद दोन्ही ठिकाणी सारखी आहे की नाही हे तपासायला घरचे विसरतात आणि पुढे त्यावरच अडतात.

तुम्हाला सागरला जायची गरज नाही. नागपूर ते सागर सुमारे ४०० किलोमीटर आहे. पंच्याहत्तरीला आलेल्या माणसाला घेऊन तो प्रवास करू नका. अर्ज नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, म्हणजे जुने लोक ज्याला सैनिक बोर्ड म्हणतात तिथून, शिफारस आणि सही-शिक्क्यासह स्पीड पोस्टाने गेला तर पुरतो. प्रत्यक्ष गेलात तरी ती कागदपत्रे मागतीलच.

पुस्तकाचे आधी संपवतो. पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करा आणि तिची प्रत घ्या. वडिलांचे प्रतिज्ञापत्र करा : पुस्तक कधी, कसे गहाळ झाले, कोणाकडे गहाण किंवा तारण नाही, सापडल्यास परत करीन. त्याला पीपीओची प्रत, ओळखपत्राची प्रत, फोटो जोडा आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांच्या शिफारशीने सागरच्या रेकॉर्डला दुय्यम प्रतीसाठी अर्ज पाठवा. नोंद नष्ट झाली असेल अशी भीती बाळगू नका. सेनेच्या नियमावलीप्रमाणे पेन्शनरचे सेवा-कागद ५० वर्षे जपून ठेवायचे असतात. वडील १९८८ चे, म्हणजे त्यांचा शीट रोल अजून जपणुकीच्या मुदतीत आहे.

दुय्यम प्रत येईपर्यंत जुन्या पुस्तकाची झेरॉक्स कुठे सापडते का तेही बघा. वडिलांनी पेन्शन आल्यावर सैनिक बोर्डात नाव नोंदवले असेलच. त्या नोंदणीच्या कागदांत पुस्तकातला मजकूर उतरवलेला असतो, पुष्कळदा प्रतही असते. त्यांनी नंतर बँकेत, वीज मंडळात, कोळसा खाणीत कुठे सुरक्षारक्षकाची नोकरी केली असेल तर तिथल्या सेवापुस्तकाला प्रत लागलेली असते. ईसीएचएसच्या अर्जासोबतही दिलेली असेल. अशी झेरॉक्स मिळाली तर रेकॉर्डचे काम हलके होते, कारण नंबर, तारखा, कारण सगळे आयते मिळते.

पुस्तक हाती आले की ते वाचा. बहुतेक घरांत ते ट्रंकेत असते आणि कोणी उघडून वाचलेले नसते. सेना कायदा १९५० च्या कलम २३ मध्ये असे आहे की सेवा संपलेल्या जवानाला त्याच्या कमांडिंग ऑफिसरने प्रमाणपत्र द्यायचे, ते त्याच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत, आणि त्यात तीन गोष्टी असल्या पाहिजेत : सेवा कोणाच्या आदेशाने संपली, कोणत्या कारणाने संपली, आणि एकूण सेवा किती झाली. यातली कारणाची ओळ फार महत्त्वाची. तिथे सेना नियम १९५४ मधला नियम १३ आणि त्याचे पोटकलम लिहिलेले असते. पोटकलम तीनच्या खाली जवानांसाठीचे प्रकार आहेत : एक म्हणजे भरतीच्या अटी पूर्ण करून आले. तीन म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरून. चार म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून. पाच म्हणजे इतर कारणे. या एका ओळीवरून माणूस माजी सैनिक गणला जातो की नाही, अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा उभा राहतो की नाही, मुलांना सवलती मिळतात की नाही हे ठरत जाते.

आता आईचे नाव.

आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत आहे. माहेरची कुसुम सासरी सुनंदा होते. जवान सुट्टी संपवून पलटणीत परत गेला की लग्नाची नोंद करतो. पलटणीतला क्लार्क विचारतो, जवानाच्या तोंडी जे नाव असेल ते सांगितले जाते, क्लार्क उत्तरेचा असेल तर त्याला ‘बाई’ किंवा ‘देवी’ जोडतो, आडनाव लावतच नाही. ती पार्ट टू ऑर्डर निघते आणि त्या घडीपासून फौजेच्या दृष्टीने बायको म्हणजे ‘कुसुमबाई’. इकडे गावात रेशनकार्ड, शाळेत मुलांच्या दाखल्यावर आईचे नाव, पुढे आधार, सगळे ‘सुनंदा’च्या नावाने होत जाते. दोघांच्या हयातीत याचा काही त्रास होत नाही. पेन्शन वडिलांच्या नावाने येते, ती येत राहते. अडचण येते ती वडिलांच्या पश्चात. त्या दिवशी सुनंदाबाईंना सिद्ध करावे लागते की कुसुमबाई मीच, आणि ज्याच्या एका सहीने ते सिद्ध झाले असते तो माणूस नसतो. मग चौकश्या, गावचे पंचनामे, पुन्हा प्रतिज्ञापत्रे. महिनोन्महिने जातात आणि त्या काळात घरात एक पैसा येत नाही. मी अशा बाया पाहिल्या आहेत, म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो : हे काम या महिन्यात हातात घ्या.

प्रश्न येतो, बदलायचे काय? आईचे आधार ‘कुसुमबाई’ करायचे की रेकॉर्डमध्ये ‘सुनंदा’? माझे मत स्पष्ट आहे. जवानाच्या स्वतःच्या नावात किंवा जन्मतारखेत फरक असेल तर फौजेची नोंद धरायची आणि आधार-पॅन तिच्याप्रमाणे करायचे. बायकोच्या नावात फरक असेल तर तिचे रोजचे कागद धरायचे आणि फौजेची नोंद बदलायची. कारण आईचे बँक खाते, पॅन, जमिनीचा सातबारा, मुलांचे दाखले हे सगळे एका नावावर उभे आहे. ते हलवायला गेलात तर एक दुरुस्त करताना दुसरे बिघडेल. अपवाद फक्त बारीक स्पेलिंगचा. ‘सुनंदा’मधले इंग्रजी अक्षर एखादे इकडेतिकडे असेल आणि बाकी कागद फौजेशी जुळत असतील, तर आधारच दुरुस्त करा, ते लवकर होते.

तुमच्याकडे पूर्ण नावच वेगळे आहे. म्हणून नुसते ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ एवढ्या प्रतिज्ञापत्रावर भागेल असे धरू नका. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. मॅजिस्ट्रेटसमोरचे प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातली जाहिरातही रेकॉर्ड ऑफिसे सहसा मागतात, तेव्हा एक मराठी आणि एक इंग्रजी अशा दोन पेपरांची कात्रणे जपून ठेवा, पूर्ण पानासकट, म्हणजे तारीख दिसते. लग्नाचा पुरावा लागेल. त्या काळी लग्नाची सरकारी नोंदणी कोणी करत नसे. ग्रामपंचायतीचा दाखला, लग्नपत्रिका असेल तर पत्रिका, आणि मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवरचे आईचे नाव जोडा. तुमच्या स्वतःच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर त्या काळात निघाली असेल तर तीही आई-वडिलांचे नाते सांगते.

अर्ज वडिलांच्या नावाने, वडिलांच्या सहीने. तुमच्या नावाने नको. त्यात आर्मी नंबर शेवटच्या इंग्रजी अक्षरासह, हुद्दा, पूर्ण नाव, भरती आणि पेन्शनची तारीख, पीपीओ नंबर, आणि एकच मागणी : पत्नीचे नाव अमुक ऐवजी अमुक करावे व तशी पीपीओत दुरुस्ती व्हावी. सोबत दोघांचा एकत्र फोटो, जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांनी साक्षांकित केलेला. आईचे आधार, पॅन, बँक पासबुक. शक्य असेल तर वडील आणि आई यांचे संयुक्त खाते असू द्या. रेकॉर्ड आधी पार्ट टू ऑर्डर काढेल, मग प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाकडे जाईल, आणि तिथून दुरुस्तीचा पीपीओ निघेल. तो निघाला की तो स्पर्शवर वडिलांच्या खात्यात दिसतो. दिसेपर्यंत काम झाले असे समजू नका. पार्ट टू ऑर्डरची प्रत आली म्हणून घरचे निश्चिंत झाले आणि पीपीओ तसाच राहिला, असे होते.

याच अर्जात आईची जन्मतारीखही नोंदवून घ्या. जुन्या पीपीओंत बायकोचे नाव असते पण जन्मतारीख पुष्कळदा नसते. ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला पूर्ण १०० टक्के. ही वाढ कुटुंब पेन्शन घेणाऱ्या बायकोलाही आहे. पण तिची जन्मतारीख कागदावरच नसेल तर तिला ८० पूर्ण झाल्याचे कळणार कसे? मग नव्वदीला टेकलेल्या आजींचा वयाचा पुरावा शोधत हिंडावे लागते.

वडिलांच्या जन्मतारखेबद्दल. भरतीच्या वेळी लिहिली गेलेली तारीख फौज अंतिम मानते. ती शाळेच्या दाखल्यावरून आलेली असेल किंवा दाखला नसल्याने अंदाजाने लिहिली असेल, आता ती बदलून मिळण्याच्या मागे लागू नका. आपल्या विदर्भात कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, खरी जन्मनोंद सापडते आणि घरच्यांना वाटते की हा पक्का पुरावा आहे, फौजेने मानलाच पाहिजे. पुरावा खरा असतो, मी नाही म्हणत नाही. पण पेन्शन आलेल्या माणसाची सेवा त्याच तारखेवर मोजली गेली, तो त्याच तारखेने घरी आला. तेव्हा आधारवरची तारीख पीपीओप्रमाणे करून घ्या. आधारवर जन्मतारीख बदलायची मुभा एकदाच सहज मिळते, म्हणून केंद्रावर जाण्याआधी पीपीओतली तारीख डोळ्यांनी वाचा, आठवणीवर जाऊ नका. पॅनही त्याच वेळी.

स्पर्शचे एवढेच : वडिलांचे लॉगिन चालू करून घ्या, ईपीपीओ, म्हणजे पीपीओची ऑनलाइन प्रत, उतरवून छापून ठेवा, दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका. मोबाइल क्रमांक त्यांचा किंवा तुमचा, घरातलाच असावा. सायबर कॅफेवाल्याचा किंवा ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्याचा क्रमांक तिथे जाऊ देऊ नका आणि ओटीपी कोणाला सांगू नका. पत्ता, बँक, मोबाइल असे बदल स्पर्शवरून मागता येतात. नाव आणि कुटुंबाचा तपशील मात्र शेवटी रेकॉर्डकडेच जातो.

काकांचे प्रकरण वेगळे आहे आणि त्यात मन घालून बघण्यासारखे बरेच आहे.

पेन्शन नसलेल्या जवानाचे सेवा-कागद सेना २५ वर्षे ठेवते आणि मग नष्ट करते. काका १९७४ ला घरी आले असतील तर त्यांचा शीट रोल केव्हाच नष्ट झालेला असणार. पण लाँग रोल नावाची नोंदवही कायम ठेवली जाते. तिच्यात नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, सुटकेची तारीख आणि कारण अशी मोजकी माहिती असते. म्हणून काकांसाठी ‘डिस्चार्ज बुकाची प्रत द्या’ असा अर्ज केलात तर ‘कागद मुदतीनंतर नष्ट केले’ असे उत्तर येईल आणि घरचे तिथेच थांबतील. अर्जात स्पष्ट लिहा : लाँग रोलमधील माझ्या नोंदीचा साक्षांकित उतारा मिळावा.

त्यासाठी नंबर हवा. घरात मेडल आहेत का बघा. आपल्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. काच लावून फ्रेम केली असेल तर फ्रेम उघडा. १९७१ ची मेडल म्हणजे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल. स्टार कोणता आहे त्यावरून ते कोणत्या आघाडीवर होते तेही कळते. मेडल नसेल तर जुनी आंतर्देशीय पत्रे, मनिऑर्डरच्या पावत्या, पलटणीतला फोटो, सोबत्याचे नाव. १९७४ ते ८० च्या दरम्यान त्यांनी सैनिक बोर्डात किंवा रोजगार कार्यालयात नाव नोंदवले होते का, ते विचारा. जवान पुढे नायब सुभेदार झाला असेल तर त्याचा नंबर बदलून ‘जेसी’ने सुरू होणारा होतो, काकांचे तसे नसणार, पण दुसऱ्या कोणाला हे उपयोगी पडेल.

आठ वर्षांत घरी आले या एका वाक्यावरून मला सर्वांत आधी शंका येते ती रिझर्व्हची. त्या काळी भरतीच्या अटीच अशा होत्या की काही वर्षे रंगसेवा, म्हणजे प्रत्यक्ष पलटणीत, आणि पुढची काही वर्षे राखीव दलात. ज्याला घरचे ‘नोकरी सोडून आला’ म्हणतात तो पुष्कळदा रिझर्व्हमध्ये पाठवलेला असतो. दोन्ही सेवा मिळून १५ वर्षे पूर्ण झाली असतील तर रिझर्व्हिस्ट पेन्शनचा हक्क येतो. लाँग रोलच्या उताऱ्यात रिझर्व्हमध्ये बदलीची तारीख आणि अंतिम सुटकेची तारीख अशा दोन तारखा दिसतात का, हे बघणे म्हणूनच महत्त्वाचे. दिसल्या तर तो उतारा घेऊन मला किंवा कोणा जाणत्या माणसाला दाखवा, पुढची वाट त्यावरून ठरेल. काकांना विचारा, घरी आल्यावर मधूनमधून प्रशिक्षणाला बोलावणे येत होते का? रिझर्व्हच्या जवानाला ते आठवतेच.

रिझर्व्ह नसेल, विनंतीवरून आले असतील, तर पेन्शन नाही. पण माजी सैनिक म्हणून ओळख मिळेल का, हा प्रश्न तेवढ्यावर बंद होत नाही. माजी सैनिकाची व्याख्या काळाप्रमाणे बदलत गेली आहे आणि माणसाला लागू होते ती त्याच्या सुटकेच्या तारखेची. विनंतीवरून आणि पेन्शनशिवाय आलेल्याला माजी सैनिक न मानणारी कडक व्याख्या १ जुलै १९८७ पासूनची आहे. खिडकीवर बसलेला नवा कर्मचारी तीच सगळ्यांना लावतो, कारण रोज त्याच्यासमोर अलीकडचीच माणसे येतात. काकांनी शांतपणे सांगावे की माझी सुटका १९७४ ची आहे, त्या तारखेची व्याख्या बघावी. ओळख मिळाली तर महाराष्ट्रात २०२० पासून माजी सैनिकांना घरपट्टी-मालमत्ता करात जी माफी आहे तिच्यासाठी आणि बोर्डाच्या कल्याण निधीतल्या मदतीसाठी अर्ज करता येतो. आणि १९७१ च्या लढाईत असलेल्या माणसाला म्हातारपणी एक ओळखपत्र मिळणे, ही त्याच्यासाठी पैशापेक्षा मोठी गोष्ट असते.

काका वैद्यकीय कारणाने आले असतील तर वैद्यकीय मंडळाचे कागद मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले आहे की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि सेवेत तो उद्भवला असेल, तर तो सेवेमुळे झाला असे धरावे. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी जवानाची नाही. इतक्या जुन्या प्रकरणात कागदच नसल्याने काम अवघड होते, पण कारणाची ओळ ‘तीन’ची निघाली तर सोडून देऊ नका.

रेकॉर्डकडून उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांची मुदत. केंद्राचे ऑनलाइन संकेतस्थळही चालते. पण आधी साधा अर्ज, मग माहितीचा अधिकार. आणि माहितीच्या अर्जात ‘का दिले नाही’ असे विचारू नका, ‘अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली, त्या नोंदीची प्रत द्या’ असे मागा. स्वतःच्या सेवेची माहिती जवान स्वतः मागतो तेव्हा ती सहसा अडत नाही. मुलगी किंवा पुतणी मागते तेव्हा त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून नकार येऊ शकतो. सही त्यांचीच घ्या. सही करता येत नसेल तर अंगठा, दोन साक्षीदारांसह.

हरकत लागून अर्ज परत आला तर नवा अर्ज टाकू नका. त्यांच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख वर लिहून त्याच पत्राला उत्तर द्या, फक्त मागितलेला कागद जोडा. नवा अर्ज गेला की नवी नोंद होते आणि जुनी फाइल तशीच पडते. वडिलांचा आणि काकांचा अर्ज एका लिफाफ्यात घालू नका, दोघेही महारचे असले तरी. वडिलांचेही दोन अर्ज वेगळे ठेवा : एक पुस्तकासाठी, एक आईच्या नावासाठी. पुस्तकाचा अर्ज राजपत्राची वाट न बघता येत्या आठवड्यात पाठवून द्या. सैनिक बोर्डात जाताना वडिलांना सोबत न्या, मूळ पीपीओ न्या आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढून न्या. एक संच आवकचा शिक्का मारून तुमच्याकडे राहू द्या.